उणे पाणी

शाळा तपासणीस केनेझसाहेबांनी वर्गात आल्या आल्या टेबलावर पुठ्ठ्याच्या लाल-निळ्या चकत्या ओतल्या, तेव्हाच गिझेलाबाईंचं डोकं फिरलं. निळी म्हणजे अधिक, लाल म्हणजे उणे, एक दुसरीला खाऊन टाकते. बुडापेस्टात खुर्चीत बसून काढलेली नवी पद्धत! तिसा नदीच्या काठी जन्मलेल्या पोरांना उणे शिकवायला पुठ्ठा लागतो म्हणे.

बाई दर सप्टेंबरात पोरांना घेऊन नावेच्या धक्क्यावर जायच्या. तिथे पाणी मोजायची रंगवलेली पट्टी होती. पणजोबांच्या काळी एका कोरड्या वर्षी पाणी पार खाली गेलं, तिथे कुणीतरी शून्य ठोकलं. पुढे नदीनं आपला तळ आणखी खोदला, शून्य बिचारं वरच राहिलं. आता उन्हाळा सरता सरता रेडिओवर रोज उणे पातळी सांगतात. उणे नव्वदवरून उणे साठवर आलं म्हणजे पाणी चढलं, हे गावातलं शेंबडं पोरही सांगेल.

साहेब आले होते बोरोकासाठी. आंब्रुश नावाड्याची ही बिनआईची पोर अडखळत बोलायची, म्हणून कुणीतरी वर कळवलं होतं. तिला शहरातल्या मंदबुद्धी मुलांच्या वसतिगृहात धाडायचं की बापाजवळ राहू द्यायचं, ते आजच्या चाचणीवर ठरणार होतं.

बाकी जमलं, एका प्रश्नावर घोडं अडलं. नदीची पातळी उणे चाळीस असेल, तर नदीत पाणी किती? बोरोकानं लिहिलं होतं, 'बाबांच्या डोक्यावरून जाईल इतकं.' साहेबांना हवं होतं, 'असं होऊच शकत नाही.' बाईंनी पट्टीची हकिगत सांगितली, रेडिओची आठवण करून दिली. साहेब हसले. शून्य म्हणजे काही नाही, त्याच्याखाली पाणी कुठून येणार, तुम्हीच पोरांचा गोंधळ करून ठेवलाय, असं म्हणत त्यांनी लाल फुली मारली, वसतिगृहाचा शेरा लिहिला आणि बॅग उचलली. एवढा शिकलेला माणूस, आणि अक्कल बघा! बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला.

परतीची बस पलीकडच्या काठावरून सुटायची. बाई साहेबांच्या मागोमाग धक्क्यावर पोचल्या. बोरोका बापाला नावेचा दोर सोडायला मदत करत होती. शेजारच्या फळीवर तिनंच सकाळी खडूनं लिहिलं होतं, उणे एकशेदहा.

"आंब्रुश, दोर सोडू नकोस," बाई म्हणाल्या. "साहेबांना नाव कशाला? पाणी उणे आहे, म्हणजे नाहीच. जातील चालत."

आंब्रुशनं दोर खुंटीला परत गुंडाळला. साहेबांनी फळी वाचली, मग खालून जाणारं गढूळ पाणी पाहिलं. पलीकडे बस येऊन उभी राहिली होती.

"चेष्टा पुरे झाली, बाई."

"चेष्टा कसली? फुली तुमची आहे. टाका पाऊल."

बोरोकाला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. तिला एवढंच दिसलं, की हा बूट घातलेला माणूस आता पाण्यात उतरणार. ती धावत आली आणि तिनं त्यांची बाही धरली.

"न-नका जाऊ, साहेब. बु-बुडाल."

साहेबांनी बॅग उघडली. धक्क्याच्या कठड्यावर कागद ठेवून फुली खोडली, शेरा खोडला, खाली नवा लिहिला. बाईंनी तो कागद हातात घेतला, पोरांची वही तपासावी तसा वरपासून खालपर्यंत वाचला आणि सही नीट करायला लावली.

"आता ने यांना," त्या आंब्रुशला म्हणाल्या. "नवखे आहेत, मधोमध बसव."