उल्झानच्या लॅपटॉपवरची शेवटची ओळ

मी एक जुना लॅपटॉप आहे, मित्रांनो, आणि मी रागावलेलो आहे. माझं एक बिजागर मोडलंय, पण राग त्याचा नाही. राग आहे तो डोळे असून न वाचणाऱ्यांचा, आणि वाचून गप्प बसणाऱ्यांचा त्याहून जास्त.

जन्म माझा दूरच्या कारखान्यातला, पण मी राबलो कोस्तानाय शहरातल्या एका पिठाच्या गिरणीत. तिथे उल्झान गहू तपासायची आणि आकडे माझ्यात भरायची. दाण्यात ओल अर्ध्या टक्क्याने जास्त निघाली, तरी भरलेला ट्रक ती परत धाडायची. ड्रायव्हर शिव्या घालायचे, ही जागची हलायची नाही. सगळे आम्हा दोघांना वचकून असत. पुढे गिरणीत नवी यंत्रं आली आणि तिने मला घरी आणलं.

गिरणीचे व्यवस्थापक दोन वर्षांनी निवृत्त होणार होते. उल्झानने तोवर एमबीए केलं तर ती जागा तिची, असा मालकांचा शब्द होता. नोकरी सांभाळून शिकायचं, म्हणून तिने गावातल्याच संस्थेचे शनिवार-रविवारचे वर्ग निवडले. तेवढ्यात सासऱ्यांचा भाचा कुआन घरबसल्या करायचा एमबीएचा एक अभ्यासक्रम घेऊन टपकला. त्याने त्या अभ्यासक्रमाचं पान माझ्या पडद्यावर उघडलं. तळाशी बारीक अक्षरांत लिहिलं होतं, ‘हे प्रमाणपत्र पदवी म्हणून धरलं जाणार नाही.’

उल्झानचं बोट त्या ओळीपाशी थांबलं. मी पाहिलं.

"तू शनिवारी वर्गात, मग पाहुण्यांना चहा ही पेटी पाजणार का?" सासरे म्हणाले.

"मामा, वहिनीने उंबराच ओलांडायचा नाही," कुआन म्हणाला. "मटण शिजतंय तोवर परीक्षा उरकेल."

"मामंजी, ही एक ओळ जरा..."

"अगं, कुआन माझ्या बहिणीचा पोरगा. तो आपल्याला खड्ड्यात घालेल होय?"

आणि त्यांनी दोन्ही तळवे वर उचलले, आशीर्वाद पुटपुटला आणि तळवे तोंडावरून फिरवले. आमच्याकडे थोरांनी असे हात उचलले की गोष्ट ठरली, मग सुनेने तोंड उघडायचं नसतं. तिनेही उघडलं नाही.

मी असा संतापलो की माझा पंखा घरघरायला लागला. त्यांना वाटलं, म्हातारा झाला. अर्ध्या टक्क्यासाठी ट्रक परत पाठवणारी ही बाई, आणि स्वतःच्या दोन वर्षांत खोट दिसत असताना फाटक उघडते? मला तिची कीव आली नाही. चीड आली.

दोन वर्षं ती पहाटे उठून माझ्यासमोर बसली. मन लावून शिकली, हे मान्य केलं पाहिजे. मग गिरणीच्या कचेरीतल्या कारकुनाने प्रमाणपत्र तपासलं आणि पहिल्याच दिवशी ती ओळ शोधून काढली. जागा बाहेरच्या माणसाला गेली. घरी येऊन उल्झानने मला दाणकन मिटलं. बिजागर तेव्हा मोडलं. त्यानंतर मी वर्षभर कपाटावर धूळ खात पडलो.

एके दिवशी तिने मला खाली काढलं, पुसलं आणि गावातल्या संस्थेचं पान उघडलं. नेमका कुआन चहाला आलेला.

"वहिनी, याच्याही वरचा एक अभ्यासक्रम आलाय. घरचीच माणसं आपण."

आमच्याकडे पाहुण्याच्या वाटीत चहा अर्धाच ओततात, म्हणजे पुन्हापुन्हा ओतता येतो. वाटी काठोकाठ भरली, तर अर्थ एकच, आता उठा. उल्झानने कुआनची वाटी काठोकाठ भरली. तो गरम चहा तसाच घशाखाली लोटून निघून गेला.

जरा वेळाने सासऱ्यांनी माझ्या पडद्याकडे पाहिलं आणि सवयीने तळवे उचलले.

"थांबा मामंजी," उल्झानने मला त्यांच्या मांडीवर ठेवलं. "आधी तळापर्यंत वाचा. मग हात उचला."

त्यांनी चष्मा शोधला. ओठ हलवत, बोट फिरवत सगळं वाचलं.

"मागच्या वेळी तळाला काही लिहिलं होतं?"

"होतं."

"तुला दिसलं होतं?"

"दिसलं होतं."

म्हाताऱ्याने चष्मा काढला. मग म्हणाला, "मग तेव्हाच माझी वाटी काठोकाठ भरायची होतीस, पोरी."

मित्रांनो, आता दर शनिवारी मी उल्झानबरोबर वर्गात जातो. बिजागर दोरीने बांधलंय. मला पुसलं नाहीत तरी चालेल. पण माझ्यावर काही उघडलंत तर शेवटच्या ओळीपर्यंत वाचा, आणि जे वाचाल ते समोर कुणीही बसलेलं असो, मोठ्याने बोला. मला दिसतं सगळं, पण तोंड मला नाही. ते तुम्हाला आहे.