हळदस्वामींची दोन भांडी

"आलं! लाल आलं!" असा एकच गिल्ला झाला आणि भगवतीच्या देवळामागच्या मांडवातली दीडशे माणसं ताडकन उभी राहिली.

सुताराच्या बायकोच्या पायावर हळदस्वामींनी पिवळाधमक लेप लावला होता. किंडीतून, म्हणजे नळीच्या काशाच्या तांब्यातून, त्यांनी तीर्थाची धार धरली आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत लेप लाल झाला.

"बघा, साखरेचं विष!" स्वामी गरजले. "इन्सुलिनच्या सुईनं ते आत दडतं, हळदीनं बाहेर पडतं! तिसऱ्या बैठकीला लेप पिवळा राहिला, की रोग खलास. मग सुया खुशाल विहिरीत टाका!"

पालक्काडजवळच्या या गावात मी सत्तावीस वर्षं आयुर्वेदाचा दवाखाना चालवते. पायाच्या भेगांना हळदीचा लेप सांगते, चोंदलेल्या नाकाला हळदीचा धूर सांगते. साखरेच्या रोग्याला हळद-आवळ्याचं चूर्णही देते. ते जुन्या ग्रंथांतच आहे, पण मी देते ते रक्त तपासून आणि डॉक्टरांचं इन्सुलिन चालू ठेवून. माझं चूर्ण लोक फडताळात विसरतात. "कडू लागतं हो वैद्यबाई!" आणि हा कुठला उपटसुंभ माझीच हळद पायाला फासतो, तर त्याच्यापुढे रांग! संताप होणार नाही तर काय?

त्या रांगेत माझी सख्खी थोरली बहीण होती, तंकम; तिला मी चेची, म्हणजे ताई, म्हणते. तिच्या डाव्या पायाच्या अंगठ्याला जखम झालेली. स्वामींच्या दोन बैठका झाल्या होत्या, इन्सुलिन नऊ दिवस बंद होतं आणि अंगठा कडेनं काळा पडत चालला होता.

"चेची, पाय जाईल तुझा," मी तिला घरी जाऊन सांगितलं.

"तुझ्या तोंडून चांगलं कधी निघतच नाही का गं? लेप लाल झालेला मी या डोळ्यांनी पाहिलाय. झोंबलं केवढं! विष निघताना झोंबणारच."

मी तिच्याच पानाच्या डब्यातला चुना घेतला आणि वाटीत हळदीबरोबर कालवला. वाटी लालभडक झाली.

"हे बघ. भगवतीला रक्ताऐवजी आपण गुरुती वाहतो, ते लाल पाणी कशाचं असतं? हळद आणि चुन्याचं! हळद तर दरवर्षी तूच कुटून देतेस."

"ती देवीची गुरुती. तिचं इथं काय? स्वामींच्या तीर्थात चुना नाही. आरशासारखं स्वच्छ पाणी आहे."

"अगं, चुन्याची निवळी तशीच दिसते!"

घसा कोरडा पडेपर्यंत सांगितलं. इथल्या शेंबड्या पोरालाही गुरुती कशी करतात ते ठाऊक आहे. पण भांडं बदललं आणि मागे मंत्र लागला, की सगळं गाव ते विसरलं!

शुक्रवारी चेचीची तिसरी बैठक होती. मी मुद्दाम पहिल्या रांगेत बसले आणि तेव्हा दिसलं, की किंड्या दोन आहेत. एकीच्या गळ्याला तांबडा दोरा होता. नव्या रोग्यांसाठी स्वामी दोऱ्याची किंडी उचलत होते. चेचीची पाळी आली आणि त्यांचा हात बिनदोऱ्याच्या किंडीकडे वळला. लेप पिवळाच राहिला.

"गेला रोग!" स्वामी म्हणाले. चेची आनंदानं रडायला लागली. पिशवीतून इन्सुलिनची पेटी काढून म्हणाली, "कुणीतरी विहिरीत टाकून या गं."

मी उठले आणि दोऱ्याची किंडी उचलली. "स्वामी, हेही तीर्थच ना?"

"हात लावू नका! बाटेल!"

तोवर मी चेचीच्या 'बऱ्या' पायावर धार सोडली होती. लेप लाल झाला.

"थोडं विष उरलं होतं," स्वामी पुटपुटले.

मी मांडवाच्या केळीच्या खुंटाला लेप फासला आणि धार धरली. तोही लाल झाला. "केळीलाही साखर झाली का हो?" मागून कुणीतरी फिसकन हसलं. मग मी स्वामींचाच हळदीनं माखलेला हात धरून त्यावर किंडी रिकामी केली. हात मनगटापर्यंत लाल.

"स्वामी, तुम्ही सुया कधीपासून घेणार?"

म्हाताऱ्या नाणिअम्मांनी किंडीच्या नळीला बोट लावून जिभेवर टेकवलं. "चुना आहे, मेल्यांनो! साठ वर्षं पान खातेय मी, चुन्याची चव मला कळत नाही होय?"

एका किंडीत चुन्याची निवळी, दुसरीत विहिरीचं पाणी. कोण आजारी आणि कोण बरं, हे स्वामींचा हात ठरवत होता. गोंगाटात स्वामी मागच्या बाजूनं कधी सटकले ते कळलंही नाही.

पालक्काडला डॉक्टरांनी चेचीचा अंगठा आणि शेजारचं बोट काढलं. "आधी आणलं असतं, तर बहुधा जखम साफ करून भागलं असतं," ते म्हणाले. पाय वाचला.

चौथ्या दिवशी पट्टीकडे बघत चेची म्हणाली, "वाटीत दाखवलंस ना, तेव्हाच मला कळलं होतं गं. पण त्या सुयांचा इतका कंटाळा आला होता, की खरं मानावंसंच वाटेना."

स्वामींवर चिडले होते तेवढीच स्वतःवर चिडले. सुया टोच म्हणून तिला शंभरदा बजावलं, पण कंटाळलीस का, हे एकदाही विचारलं नव्हतं.

हळद गुणाची आहे, म्हणून तर तिच्या नावावर काहीही खपतं. तुमच्या अंगातून कुणी रोग काढून दाखवायला लागला, तर तेच पाणी आधी केळीच्या खुंटावर ओतायला सांगा. तो ओतत नसेल, तर तिथून उठा आणि दवाखाना गाठा. कापलेली बोटं परत येत नाहीत.