मानेतल्या बिया

टेलरमास्तर आयुष्यभर दोनच गोष्टींना टरकून होते, बायकोच्या अबोल्याला आणि कपड्यात राहिलेल्या सुईच्या टोकाला. आता तिसरी भीती थेट त्यांच्या मानेत येऊन बसली होती.

घशाचा कॅन्सर एकदा किरणांचा शेक घेऊन गेला होता. वर्ष सरायच्या आत तो मानेत गाठ होऊन परतला. त्याच जागी पुन्हा शेक देता येईना, कापायलाही वाव नव्हता. तेव्हा डॉक्टरीणबाईंनी शेवटचा उपाय सांगितला. तांदळाच्या दाण्याहून बारीक, किरणं सोडणाऱ्या धातूच्या बिया सुईने गाठीत पेरायच्या. त्या आतल्या आत गाठ जाळणार आणि हळूहळू स्वतःच थंड होणार. हमी मात्र नाही, असं त्यांनी स्पष्टच सांगितलं.

मास्तरांनी विचारलं, "दुकानात टाचण्या वेचायला लोहचुंबक आहे. तो बिया ओढून काढणार नाही ना?"

बाई हसल्या. "त्यात लोखंड नाही, मास्तर. चुंबक त्यांच्याकडे ढुंकूनही बघणार नाही."

पुढचं सांगताना मात्र त्या हसल्या नाहीत. एखादी बी जखमेतून बाहेर आलीच, तर हात लावायचा नाही. चिमट्याने उचलून शिशाच्या डबीत टाकायची आणि फोन करायचा. आणि गरोदर बाईला काही महिने जवळ बसू द्यायचं नाही. मास्तरांच्या लेकीला तेव्हा सातवा लागला होता.

बिया पेरून झाल्यापासून लेक आली की दाराजवळच्या स्टुलावर बसायची. मध्ये कापड बेतायचं लांबलचक टेबल. मास्तर उठल्याबरोबर उशी झटकायचे, आंघोळीनंतर टॉवेल झटकायचे.

"अहो, बिया आहेत की ढेकूण?" बायको म्हणायची. मास्तरांना हसू यायचं नाही.

नातवंडासाठी दुपटं शिवायला घेतलं, तेवढाच काय तो विरंगुळा. ते पुरं झालं त्या दुपारी बायकोने टेबलाला वळसा घालून लेकीला नेऊन दिलं. तिने ते गालाला लावलं, मग पोटावर पसरलं.

"बाबा, हे काय हो टोचतंय?" शिवणीतून तिने काहीतरी उपसून तळहातावर घेतलं. बारीक, चकचकीत.

दुपटं शिवताना मास्तरांची मान सारखी त्याच्यावरच वाकलेली असायची.

"टाक! खाली टाक ते!"

त्यांच्या घोगऱ्या ओरडण्याने लेक इतकी दचकली, की तिने मूठच आवळली आणि ती मूठ पोटाशी घेतली.

मास्तर धावले आणि टेबलाच्या टोकाशी थबकले. तिच्या मुठीत एक असेल, यांच्या मानेत तर सगळं पेरलेलं शेत होतं. जवळ जावं तरी पंचाईत, न जावं तरी पंचाईत. बायकोने शिशाची डबी आणली, पण घट्ट झाकण तिला उघडेना. तेवढ्यात मशीनला टांगलेला, घोड्याच्या नालासारखा चुंबक मास्तरांना दिसला. त्यांनी तो टेबलावरून सरकवला.

"हा लाव. चिकटलं तर सुई. नाहीतर..."

बायकोने लेकीची मूठ उघडली, चुंबक टेकवला. काहीच झालं नाही. तो तुकडा होता तिथंच पडून राहिला.

मग मास्तरांना दिसलं. "अगं, उलटा धरलायस! टोकांकडून लाव!"

तिने फिरवला. टक्.

सुईच होती. सकाळी मशीनवर सुई मोडली, नेमकी तेव्हाच मानेत कळ आली, आणि बी बाहेर आली की काय बघायला ते आरशाकडे पळाले होते. परत येऊन सरळ नवी सुई लावली. मोडलेलं टोक सापडल्याशिवाय नवी सुई लावायची नाही, हे त्यांनी प्रत्येक कारागिराच्या डोक्यात हाणून हाणून बसवलं होतं. आज त्यांनाच भीतीने त्याचा विसर पडला.

मास्तर जमिनीवर बसून लहान मुलासारखे रडू लागले.

"बाबा!" लेक निघालीच त्यांच्याकडे.

"तिथंच थांब!"

ती टेबलाच्या अर्ध्यात थांबली. तिथून तिला काही करता येईना. शेवटी तिने टेबलावरचा टेप उचलून स्वतःच्या पोटाभोवती गुंडाळला. जन्मात तिचं माप बाबांशिवाय कोणी घेतलं नव्हतं.

"आवळू नकोस," मास्तर डोळे पुसत म्हणाले. "सैल धर. अजून वाढायचंय."

तिने माप मोठ्याने वाचलं. "आता पुढच्या महिन्यात घेऊ, बाबा."

मास्तरांचा हात मानेवर गेला. "घेऊ," ते म्हणाले.