दाराच्या चौकटीवरच्या रेघा

मेरिमने आपली नाडी मोजली. मिनिटाला एकशे अठरा. जाहिरातीचा व्हिडिओ घ्यायला खिडकीत चहाच्या डब्याला टेकवून ठेवलेला मोबाईल तिच्याकडे टक लावून बघत होता. "नमस्कार, मी मेरिम," एवढं सुरळीत व्हायचं. "मी उपचार करते" म्हणायची वेळ आली की ती रेकॉर्डिंग बंद करायची. चौदाव्या खेपेलाही तेच झालं.

"बोल की गं!" दारातून उल्कान एजे ओरडली. हमामच्या, म्हणजे सार्वजनिक न्हाणीघराच्या, तिकीटखिडकीवर बसणारी ही बाई मेरिमहून दहा वर्षांनी मोठी, आणि नावातल्या 'एजे'प्रमाणे मेरिमची थोरली ताई असल्याच्या थाटात वागणारी. "ती बायकांना खोट्या पापण्या लावणारी पोरगी बघ. सकाळी मोबाईलवर स्वतःची आरती ओवाळते, दुपारी दारात रांग. तुझ्या ओठांना काय टाके घातलेत?"

"एजे, मी चांगली आहे हे मीच कसं सांगू?"

"मग कोण सांगणार? बऱ्या झालेल्या तर तोंडात पीठ धरल्यासारख्या गप्प!"

मेरिमला तेच तर कोडं पडलं होतं.

काराकोल शहरातल्या दूध कारखान्यात प्रयोगशाळेत तिची एकोणीस वर्षं गेली. पाठीच्या दुखण्यानं ती अंथरुणाला खिळली आणि मालिश, झाडपाल्याचा शेक, श्वासाचे व्यायाम यांनी उठून बसली. हे कसं झालं याचा पिच्छा तिनं सोडला नाही. स्वतःच सगळं रीतसर शिकली. अकरा महिन्यांपूर्वी बायकांच्या हमाममागची ही खोली तिनं घेतली. ती चोळायची, शेकायची, पण त्याहून जास्त विचारायची: झोप कशी लागते, काय खाता, किती चालता. आपल्या आवाक्याबाहेरचं वाटलं तर सरळ डॉक्टरकडे पाठवायची. प्रत्येकीची वही वेगळी. खांदा धरलेल्या बाईला दाराच्या चौकटीशी उभं करून हात जिथवर पोचेल तिथं पेन्सिलीची रेघ मारायची, खाली तारीख. नाव नाही.

आल्या एकेचाळीस जणी. बरं वाटलं असं स्वतः सांगून गेल्या एकोणतीस. आणि त्यांच्यापैकी कुणीही, एकीनंही, दुसरीला पाठवलं नव्हतं. आल्या त्या हमामला आल्यावर दार उघडं दिसलं म्हणून डोकावल्या होत्या. एकोणतिसातून शून्य. योगायोग इतका नेटका नसतो.

कारखान्यानं तिची जुनी जागा पुन्हा देऊ केली होती. शुक्रवारपर्यंत हो की नाही सांगायचं. खोली अशीच रिकामी राहिली तर हो म्हणण्यावाचून गत्यंतर नव्हतं, आणि आज सोमवार होता.

मंगळवारी ती त्या एकोणतीस जणींतल्या एकीला विचारायला बाजारात गेली. वयानं मोठ्या झूरा अपाच्या खांद्याची वही सगळ्यात जाड होती. सात महिन्यांत तिची रेघ छातीच्या उंचीवरून दाराच्या माथ्यापाशी पोचली होती. अपा गाड्यावर अश्लान-फू विकायची. मेरिम लांबूनच थबकून बघत राहिली. उजवा हात वर गेला, फळीवरून वाडग्यांची चळत खाली आली, त्याच हातानं गार नूडल्सवर आंबट-तिखट रस्सा पडला. कुठं अडखळणं नाही. मेरिमला बरं वाटलं.

मग अपाचं लक्ष तिच्याकडे गेलं. हात झटकन खाली आला.

"आई गं!" अपा खांदा धरून कण्हली. "हा खांदा काही मला सोडत नाही बायांनो."

रांगेतल्या बायका चुकचुकल्या. वहीतलं सगळंच खोटं होतं की काय? गर्दी ओसरेपर्यंत ती मिरच्यांच्या पोत्याआड थांबली आणि मग गाड्यामागं गेली.

"अपा, खरंच दुखतंय?"

"हळू बोल, मूर्ख पोरी!" अपानं चहूकडं पाहिलं. "काही दुखत नाही. पण बरी झाले म्हणून बाजारभर सांगत सुटू? एखादीची नजर लागली की उद्या दोन्ही खांदे धरतील. अशी गोष्ट बोलायची नसते."

"मग दुसऱ्या बायकांना कळणार कसं?"

"ते मला काय विचारतेस? तूही कधी अवाक्षर काढत नाहीस. दाराला पाटीसुद्धा नाही. मी म्हटलं, हिचीही हीच इच्छा दिसते, हिच्या हातालाही नजर लागू नये. म्हणून माझ्या जावेपाशीही मी चकार शब्द काढला नाही. तुझी राखण करत होते मी!"

अकरा महिने मेरिम लाजून गप्प होती, आणि ते गप्प राहणं बायकांनी नियम म्हणून पाळलं होतं. एकोणतीस जणींनी इमानानं.

तेवढ्यात वाडगा परत द्यायला एक बाई गाड्यामागं आली. तिचा डावा हात अंगाशी घट्ट धरलेला.

"कणीक कुठल्या हातानं मळता?" मेरिमच्या तोंडून निघून गेलं.

"याच. डावखुरी आहे मी. का?"

"रात्री कुठल्या कुशीवर झोपता? केस विंचरताना दुखतं की झगा घालताना?"

बाई उत्तरं देत गेली. मेरिम विचारत गेली. बाई निघून गेल्यावर अपा डोळे बारीक करून म्हणाली, "आत्ता कुठं गेली होती तुझी लाज?"

मेरिमनं मनगटावर बोटं ठेवली. अठ्ठ्याहत्तर. आठ-दहा प्रश्न विचारून झाले होते, आणि एकदाही 'मी' म्हणावं लागलं नव्हतं.

संध्याकाळी तिनं एक कागद लिहिला आणि उल्कान एजेच्या तिकीटखिडकीवर चिकटवला: "तुम्ही कुठल्या कुशीवर झोपता? गुरुवारी आंघोळीनंतर मागच्या खोलीत चहा आहे. बोलू या. मेरिम."

एजेनं तो दोनदा वाचला. "ही जाहिरात आहे की शाळेची परीक्षा?"

"लोक येतात का ते बघू."

गुरुवारी अकरा बायका आल्या. ओले केस बांधलेल्या, गाल लाल झालेल्या, निम्म्या तर फुकट चहासाठी. मेरिम उठून उभी राहिली तेव्हा नाडी पुन्हा एकशे बारा होती. ती तशीच राहू दे म्हणून तिनं बोटं काढून घेतली.

"माझं नाव मेरिम. मी उपचार करते," ती म्हणाली. आवाज थोडा कापला, पण शब्द निघाले. "सगळं मला जमत नाही. जे जमत नाही ते सांगते. आता मला सांगा, सकाळी उठल्यावर आधी काय दुखतं?"

मग सगळ्या एकदम बोलू लागल्या.

एका म्हातारीनं चौकटीवरच्या रेघा पाहिल्या. "ह्या कुणाच्या गं?"

"नावं सांगत नाही मी. इथं हात अडला होता, सात महिन्यांनी इथवर पोचला. तारखा वाचा."

बायका उठून चौकटीपाशी जमल्या. बोटं रेघांवरून वर वर सरकू लागली. तेवढ्यात झूरा अपा जावेला आणि बाजारातल्या त्या डावखुऱ्या बाईला घेऊन कण्हत आत शिरली.

"माझा खांदा तर मेला बायांनो, पण ह्या दोघींना बघ." आणि बोलता बोलता तिनं डोक्याचा जाड रुमाल सोडला, उजवा हात सरळ वर नेला आणि दाराच्या माथ्यावरच्या खुंटीला तो अडकवला. सगळ्यात वरच्या रेघेच्याही वर.

अपा आपल्याच हाताकडं बघत राहिली.

"तू गं!" जाऊ ओरडली. "तीन पोती कांदे माझ्याकडून उचलून घेतलेस खांद्याच्या नावाखाली!"

हसण्याचा असा गलका झाला की तिकीटखिडकी सोडून उल्कान एजे धावत आली, आणि प्रकार कळताच घाईघाईनं अपाच्या खांद्यावर तीनदा थुंकल्यासारखं करून नजर काढू लागली. मेरिमनं कोपऱ्यातून पेन्सिल घेतली.

"हलू नका, अपा. नवी रेघ मारायची आहे."

शुक्रवारी सकाळी तिनं कारखान्यात फोन लावला. पलीकडून कोणी उचलेपर्यंत ती खोलीतल्या नव्या वह्यांवर क्रमांक घालत होती. बेचाळीस, त्रेचाळीस, चव्वेचाळीस. "हॅलो," पलीकडून आवाज आला, आणि मेरिमनं नाही म्हणून सांगितलं.