उघडा कॅन

पॉलिशवाल्याने दारू सोडली तेव्हा सगळ्यांना आनंद झाला, आणि पॉलिशचं काम पुन्हा करणार म्हणाला तेव्हा सगळ्यांच्या पोटात गोळा आला. दारू सोडलेल्या माणसाने खिळे ठोकावेत, भिंती रंगवाव्यात, हवं तर लोकांची कुत्री फिरवावीत. पण दिवसभर स्पिरिटच्या कॅनला मांडी लावून बसू नये, असं एकूण सगळ्यांचं मत पडलं. भावोजींनी तर एका गोदामात वॉचमनची जागासुद्धा बघून ठेवली होती. खुर्ची, पंखा आणि साहेब येण्याच्या वेळेपुरतं जागं राहणं, एवढंच काम. पॉलिशवाल्याने त्यांना कोपरापासून हात जोडले. म्हणाला, दारूने माझ्याकडचं बरंच काही नेलं, हे दोन हात तेवढे राहिलेत, आता तेही भीतीपोटी देऊन टाकू का? भावोजींनी पेपर तोंडासमोर धरला आणि विषय तिथेच संपला.

तो राहायचा ताईकडे. ताई म्हणजे त्याची थोरली बहीण. व्यसनमुक्ती केंद्रातून बाहेर पडला तेव्हा त्याला न्यायला तीच एकटी आली होती. बाहेरच्या खोलीत तिचं शिलाईचं मशीन होतं. ते भिंतीला सरकवून तिने त्याच्या गादीपुरती जागा केली. भावोजींच्या कपाळावरच्या आठ्यांकडे तिने पाहिलंच नाही. त्याच्या पिण्याच्या दिवसांतही हीच बाई त्याच्या मागे मागे फिरत असे. कुठून कुठून उचलून आणायची, तोंड धुवायची, शिव्या खायची. तो आता रोज संध्याकाळी दारू सोडलेल्यांच्या बैठकीला जायचा आणि परत आला की ताई दार उघडून आधी त्याच्या डोळ्यांत बघायची, मग बाजूला व्हायची. त्याला ते कळायचं.

फर्निचरच्या कारखान्याच्या मालकाने त्याला परत घेतलं खरं, पण हातात दिला तो घासायचा कागद. कित्येक महिने तो नुसता घासत होता. खुर्च्या घासल्या, पलंग घासले, दारं घासली. पॉलिश करायला मालक बाहेरून माणूस आणायचा. तो माणूस पॉलिश काय करायचा, लाकडाला तेलकट अंघोळ घालायचा. ते बघताना पॉलिशवाल्याचा जीव वर-खाली व्हायचा. सुतारकाका, कारखान्यातला सगळ्यात जुना माणूस, रंधा चालवता चालवता म्हणायचे, की तू आपला कागदच घास बाबा, कागदाला कसला वास नसतो.

मालकाची भीती अगदीच उगाच नव्हती. पिण्याचा कळस झाला होता तेव्हा पॉलिशवाल्याने कारखान्यातलंच स्पिरिट घशात ओतलं होतं. लाकडाला लावायचं स्पिरिट म्हणजे चक्क विष, त्याने माणसाचे डोळे जातात. त्याचे वाचले. पण मालकाला कळू नये म्हणून जेवढं प्यायला तेवढं पाणी त्याने कॅनमध्ये ओतून ठेवलं होतं, आणि त्या पाण्याने त्याचं बिंग फोडलं. पॉलिशमध्ये पाणी गेलं की लाकडावर दुधाळ, पांढरट पडदा धरतो. तेव्हा एका नव्या कोऱ्या कपाटाची दोन्ही दारं तशी पांढरी पडली होती आणि मालकाने त्याला कॉलर धरून बाहेर काढलं होतं.

आणि मग ते टेबल आलं. एका डॉक्टरीणबाईंच्या वडिलांचं लिहायचं टेबल. सागवानी, कडांना बारीक नक्षी, वरचा पृष्ठभाग उन्हाने आणि चहाच्या कपांनी खराब झालेला. बाईंना ते हातानेच पॉलिश करून हवं होतं, जुन्या पद्धतीने. बाहेरच्या माणसाने एकदा बघितलं आणि अंग काढून घेतलं. मालकाने पॉलिशवाल्याला बोलावलं, स्पिरिटचा सीलबंद कॅन त्याच्या पुढ्यात ठेवला आणि म्हणाला, की हे नीट झालं तर पॉलिशचं काम तुझं. बिघडलं तर कागदसुद्धा मिळणार नाही.

पॉलिशवाल्याने चपडी लाख स्पिरिटमध्ये भिजत घातली; ती विरघळली की तेच पॉलिश. कापसाचा बोळा जुन्या मऊ धोतराच्या तुकड्यात गुंडाळला आणि कामाला बसला. पहिल्या हाताला बोटं जरा अवघडली, मग त्यांना सगळं आठवलं. गोल गोल, हलक्या हाताने, एक थर वाळला की दुसरा. वास तर येतच होता. तो वास आला की आत काहीतरी मान वर करून बघायचं. तो त्याला म्हणायचा, बघ, बघायला काही बंदी नाही. लाकूड हळूहळू आतून उजळायला लागलं. सुतारकाका येता जाता थांबायचे आणि काही न बोलता पुढे जायचे, आणि त्यांच्याकडून याहून मोठी शाबासकी आजवर कोणाला मिळालेली नव्हती.

मग एके दिवशी सकाळी त्याने टेबलावरचं कापड काढलं आणि त्याच्या पायाखालची जमीन सरकली. टेबल पांढरं पडलं होतं. मध्यभागी जास्त, कडांना कमी, काचेवर कोणी श्वास सोडावा तसं.

दमट हवेनेही असं होतं, पण हवा कोरडी ठणठणीत होती. तो बघत उभा असतानाच मालक आला. मालकाने टेबल पाहिलं, कॅन पाहिला, त्याच्याकडे पाहिलं आणि खुर्चीवर बसला. ओरडला असता तर बरं झालं असतं. थकलेल्या आवाजात एवढंच म्हणाला, की परत तेच ना? सुतारकाकांनी रंधा खाली ठेवला, जवळ आले आणि म्हणाले, तोंड उघड, जरा वास बघू.

पॉलिशवाल्याच्या अंगाचा तिळपापड झाला. दिवसभर स्पिरिटात हात असलेल्या माणसाचा वास घेऊन यांना काय कळणार होतं, देव जाणे.

"तोंड मी जेवायला उघडतो, काका," तो म्हणाला. "वास द्यायला नाही. मी प्यायलेलो नाही. एकदाच सांगतोय, शपथबिपथ घेणार नाही."

त्याने स्वतःच परीक्षा काढली. एका झाकणात कॅनमधलं थोडं स्पिरिट घेतलं आणि काडी लावली. खरं स्पिरिट जळून जातं, झाकण कोरडं राहतं. त्याला खात्री होती की स्पिरिट चोख निघेल आणि दोष लाखेचा ठरेल. ज्योत निळी निळी जळली, विझली, आणि झाकणाच्या तळाशी पाणी उरलं. मालकाने आतून दुसरा सीलबंद कॅन आणला, तो फोडून दुसऱ्या झाकणात तेच करून पाहिलं. झाकण कोरडं ठणठणीत. म्हणजे दुकानदाराने फसवलेलं नव्हतं. पाणी इथेच, कारखान्यात, या एका माणसाच्या हाताखालच्या कॅनमध्ये घातलं गेलं होतं. स्वतःला सोडवायला गेला आणि स्वतःच्याच हाताने अडकला.

मालक उठला. दुपारपर्यंत तुझं सामान आवर म्हणाला, आणि टेबलाला आता हात लावू नकोस. मग डॉक्टरीणबाईंना काय तोंड दाखवायचं असं पुटपुटत आत फोन करायला गेला. सुतारकाकांनी पाठ फिरवली.

पॉलिशवाला टेबलासमोर एकटा राहिला. जवळच तो नवा, नुकताच फोडलेला, काठोकाठ भरलेला कॅन. आतलं ते काहीतरी आता नुसतं मान वर करून बघत नव्हतं, चांगलं कानाशी येऊन बसलं होतं. म्हणत होतं, की अरे, सगळ्यांनी ठरवलंच आहे तू प्यायलास म्हणून. शिक्षा झालीच आहे, मग गुन्हा तरी कशाला बाकी ठेवतोस? हिशोब अगदी चोख होता. त्याचा हात कॅनच्या कडीपर्यंत गेलासुद्धा. पण त्याला स्वतःची लाज वाटली नाही, राग आला. ज्यांनी ठरवलंय त्यांचं खरं करून द्यायला मी काय त्यांचा नोकर आहे? त्याने कॅन उचलला, नवा बोळा केला, चोख स्पिरिटात भिजवून पिळला आणि त्या पांढऱ्या पडद्यावर हलकेच फिरवायला सुरुवात केली. चोख स्पिरिट वरचा थर सैल करतं आणि आत अडकलेली ओल निघून जाते. फक्त हात थांबता कामा नये. थांबला की सगळंच निघून येतं. हात लावू नकोस म्हणाले होते. म्हणू देत. हाकलायचंच असेल तर चकचकीत टेबलावरून हाकला, असं तो मोठ्याने म्हणाला. सुतारकाकांनी मान वळवून बघितलं.

ताई डबा घेऊन आली तेव्हा अर्धं टेबल मोकळं झालं होतं. पॉलिशचं काम मिळाल्यापासून तिने हा नवाच नेम धरला होता. शिलाई टाकून भर दुपारी स्वतः डबा घेऊन यायची. सुतारकाकांनी तिला दारातच गाठलं आणि खालच्या आवाजात काय झालं ते सांगितलं. स्पिरिटमध्ये पाणी, पुन्हा तीच गत, मालकाने काढून टाकलंय. ताईचा चेहरा पांढराफटक पडला. मालक बाहेर आलेलाच होता. ती सरळ त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"पाणी मी घातलं," ती म्हणाली. "रोज. हा जेवणाआधी नळावर हात धुवायला जातो तेव्हा."

मग तिने सगळं सांगितलं. तो प्यायचा तेव्हा ती त्याच्या बाटलीतली अर्धी दारू मोरीत ओतायची आणि पाण्याने बाटली भरून ठेवायची. तेवढंच कमी पोटात जाईल म्हणून. वर्षानुवर्षं तिने तेच केलं होतं. इथे कॅन उघडा दिसला आणि तिने तेच केलं. पाण्याने लाकूड बिघडतं हे तिच्या गावीही नव्हतं.

मालकाने एवढा मोठा सुस्कारा टाकला की लाकडाचा भुसा उडाला. हसायलाच लागला तो. टेबलाच्या मोकळ्या भागावरून हात फिरवला आणि काम तुझंच म्हणाला, माझं चुकलं. सुतारकाका नाक खाजवत रंध्याकडे गेले. मग मालकाला एक नामी युक्ती सुचली. कॅनला कुलूप घालायचं, किल्ली ताईंकडे. लागेल तेवढं स्पिरिट ताईंनी सकाळी काढून द्यायचं. पुन्हा गैरसमज नको, कोणाच्या जिवाला घोर नको. ताईने लगेच हात पुढे केला.

पॉलिशवाल्याला मालकाच्या संशयाने जेवढं लागलं नव्हतं तेवढं त्या पुढे केलेल्या हाताने लागलं.

"कुलूप नको," तो म्हणाला. "जगातल्या कुठल्याही पॉलिशवाल्यासमोर कॅन उघडा असतो. माझ्यासमोरही उघडाच राहील. नाहीतर हे टेबल पुरं करतो आणि मी जातो."

मालकाने ताईकडे पाहिलं आणि टेबलाकडे पाहिलं. मग राहू दे उघडा म्हणाला आणि आत निघून गेला. हे आता भावाबहिणीचं होतं, एवढं त्याला समजलं.

"आणि प्यायलास तर?" ताईने विचारलं.

"तर मी प्यायलो. मग मला धरून जाब विचार. पण मी पीत नाही, तेही माझंच असू दे, ताई. तू पाणी घालत राहिलीस तर माझा न प्यायलेला दिवस तुझ्या नावावर जातो. तेवढाच तर आहे माझ्याकडे."

ताई स्टुलावर बसली. तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

"मला माहीत होतं तू पीत नाहीस," ती म्हणाली. "डोळ्यांवरून कळतं मला. घरून निघताना रोज ठरवायचे, आज नाही घालायचं. आणि तू नळाकडे वळलास की माझा हात आपोआप जायचा. घातलं नाही तर दिवसभर छातीत धडधडायचं. घातलं की बरं वाटायचं."

हेच शब्द पॉलिशवाल्याने बैठकीत कितीतरी जणांच्या तोंडून ऐकले होते, आणि स्वतःही उभं राहून बोलला होता. ताईने दोन्ही हात मांडीवर एकमेकांत घट्ट अडकवून ठेवले होते. त्याचा राग गेला असं नाही, पण त्याला त्या हातांकडे बघवेना.

बैठकीत पहिल्यांदा आलेल्या माणसासमोर बसतात तसा तो तिच्यासमोर उकिडवा बसला.

"कायमचं सोडते असं म्हणू नकोस," तो म्हणाला. "ते कोणालाच झेपत नाही. फक्त आज घालू नकोस. उद्याचं उद्या बघू."

ताईने मान हलवली. तिने डबा उघडला आणि पाण्याचा तांब्या डब्याशेजारी ठेवला. पॉलिशवाल्याने तो नवा कॅन उचलून तिच्या पायापाशी आणून ठेवला, झाकण काढून. मग तो उठला, नळाकडे गेला आणि तिच्याकडे पाठ करून हात धुवायला लागला. लाख निघायला एरवीही वेळ लागतो. त्या दिवशी त्याने एकेक बोट सावकाश चोळून धुतलं आणि एकदाही मागे वळून पाहिलं नाही.