मागच्या सीटवरचं वजन

मोठ्या भावाचा निरोप श्यामसुंदरला पुतणीकडून फोनवर आला. मीरा आपली जुनी फियाट घेऊन मातीवरच्या शर्यतीत उतरणार होती आणि बाबा म्हणत होते की मागचं शामलाच कळतं, त्याला म्हणावं एकदा येऊन बसून जा. दुसऱ्या कोणी हे ऐकलं असतं तर त्याला वाटलं असतं, चहाला बोलावलं आहे. श्यामसुंदरला मात्र नेमकं कळलं. गाडीच्या मागच्या सीटवर येऊन बस, असा त्याचा अर्थ होता. कळलं आणि इतक्या वर्षांचा राग पुन्हा नाकाच्या शेंड्यावर येऊन बसला.

हा राग कशाचा, ते सांगायला हवं. त्यासाठी थोडं मागं जावं लागेल, पण तो काळच असा होता की मागं जायला कोणाचीही ना नसावी.

तेव्हा अच्युतदादा नुकताच कारखान्यात लागला होता आणि श्यामसुंदर कॉलेजात होता. वडिलांची फियाट रविवारी मोकळी असायची. हिवाळ्यात जबलपूरबाहेर शहपुऱ्याच्या वाटेवरच्या एका पडीक मैदानात गाडीशौकीन मंडळी जमायची, डांबराची रिकामी पिंपं मांडायची आणि त्यांच्याभोवती गाड्या पळवायची. ज्याची गाडी मागून सुरेख घसरत, धूळ उडवत वळण घेईल त्याला टाळ्या मिळायच्या. बक्षीस म्हणाल तर उसाचा रस, तोही कधीकधी. पण त्या टाळ्यांसाठी भलीभली माणसं आठवडाभर गाडीखाली पडून असायची.

फियाटची ताकद मागच्या चाकांना, आणि मागं तर ती हलकी. मातीत चाकं नुसती फिरायची, गाडी खड्ड्यावरून टणाटण उडायची. गाडीच्या मागच्या दोन्ही बाजूंना लोखंडी पाटे एकावर एक रचून केलेली कमानी असते. ती दबून बसावी म्हणून इतर लोक डिकीत वाळूची पोती टाकायचे. अच्युतदादानं पोतं टाकलं नाही. त्यानं धाकटा भाऊ टाकला.

श्यामसुंदर तेव्हा चांगलाच आडवा होता. आईला त्याचा अभिमान होता आणि गल्लीतल्या पोरांना त्याची गंमत वाटायची. क्रिकेटमध्ये त्याला कोणी घेत नसे, कबड्डीत घेत पण धावायला सांगत नसे. दादा मात्र रविवारी सकाळी त्याला बडा फुहाऱ्याच्या चौकात नेऊन खव्याची जिलबी खाऊ घालायचा आणि गंभीरपणे म्हणायचा, खाऊन घे, आज माती भुसभुशीत आहे. मैदानावर लोक विचारायचे, क्यों भैया, माल लाद लिया? दादा हसायचा. श्यामसुंदरही हसायचा. खरं सांगायचं तर जगात आपलं वजन कोणाच्या तरी उपयोगी पडतं आहे, याचा त्याला केवढा तरी आनंद व्हायचा.

नुसतं बसायचंही काम नव्हतं ते. डावं वळण आलं की दादा ओरडायचा, "शाम, डावीकडे." मग हा गडी सीटवरून घरंगळत डाव्या दाराशी जायचा. हवेत उचललं जाणारं आतलं चाक जमीन धरायचं, उडणारी गाडी एकदम शांत व्हायची आणि दादा मान न वळवता एकच शब्द म्हणायचा, "बसली." त्या शब्दासाठी श्यामसुंदर सोमवारपासून रविवारची वाट बघायचा.

एका रविवारी गाडी बांधावर चढली आणि श्यामसुंदरचं कपाळ खिडकीच्या चौकटीवर आपटलं. टाके पडले. ती खूण तो कॉलेजात पदकासारखी मिरवत होता. पुढच्या रविवारी नवा स्वेटर घालून, कपाळाला पट्टी लावून तो फाटकाशी आला, तर दादा आधीच गाडीत बसलेला. मागच्या कमानीत एक नवा कोरा काळा पाटा दिसत होता. दादानं सांगितलं की गोहलपूरच्या कमानीवाल्याकडून दोन्ही बाजूंना जास्तीचा एकेक पाटा टाकून आणला आहे, आता मागं कोणी बसायची गरज नाही, तू घरी राहा आणि अभ्यास कर. एवढं बोलून गाडी निघून गेली.

श्यामसुंदर फाटकाशी उभाच राहिला. माणसाच्या जागी दोन लोखंडाच्या पट्ट्या चालतात, हे त्याला त्या सकाळी कळलं. त्यानंतर तो मैदानावर गेला नाही आणि दादानंही चल म्हटलं नाही. उन्हाळ्यात त्याला बिलासपूरला विमा कंपनीत नोकरी लागली. पुढं लग्नंकार्यं झाली, दिवाळ्या झाल्या, भाऊ भेटत राहिले, एकमेकांच्या तब्येती विचारत राहिले. फियाटचा विषय मात्र निघाला नाही. आपण दादाचे भाऊ होतो की पोतं होतो, हा प्रश्न श्यामसुंदरनं कोणाला विचारला नाही आणि तो त्याच्या मनातून कधी गेलाही नाही.

तर निवृत्त होऊन जबलपूरला परतलेला हा माणूस आता भावाच्या दारात उभा होता. वर आणखी गंमत अशी की साखरेच्या आजारानं तो पार वाळून गेला होता. पँट पट्ट्यानं आवळून धरावी लागे. ज्या एका गोष्टीसाठी दादानं आपल्याला कधी जवळ केलं होतं तीही आता उरलेली नाही, असा विचार करत तो आत शिरला.

मीरा गाडीखालून बाहेर आली. सव्वीस-सत्तावीसची पोर, एका शाळेत गणित शिकवायची, हाताला ग्रीस, कपाळाला ग्रीस. तिची अडचण साधी होती. मोबाइलवर परदेशातल्या घसरत्या गाड्या बघून तिला खड्ड्यांचे धक्के पचवणारे, वर-खाली करता येणारे महागडे शॉकर हवे होते, पण शाळेच्या पगारात तसले शॉकर बघायलाच मिळतात. तिच्या ऐपतीत एकच काम बसत होतं. पुढचं तरी करायचं किंवा मागचं तरी. कोणी तिला पुढच्या स्प्रिंगा कापून गाडी खाली बसवायला सांगितलं होतं, कोणी मागं जीपचे शॉकर लाव म्हणालं होतं.

"स्प्रिंग कापायची नाही," श्यामसुंदर म्हणाला. "गाडी खाली बसते, दिसते छान. पण पहिल्या खड्ड्यात लोखंडाला लोखंड लागते."

"तर मग काय करू, काका? तुम्ही बस एकदा पीछे बैठ जाओ. बाबा म्हणतात, तुम्हाला बसल्यावर समजते."

अच्युतदादा ओट्यावर खुर्चीत होता. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून त्यानं गाडी चालवणं सोडलं होतं. त्यानं धाकट्याकडे पाहिलं, किती वाळला, असं काहीतरी पुटपुटला आणि पेपर वर धरला. कुंदावहिनीनं पाणी आणून दिलं आणि जपून बसायला सांगितलं. त्या मागच्या सीटनं माझी कंबर गेली, लग्न झाल्यापासून ओरडून राहिली, पण हे कधी दुरुस्त करतील तर शपथ, असंही ऐकवलं.

मीरानं गाडी गल्लीतून काढून मोकळ्या मैदानात नेली. श्यामसुंदर मागच्या सीटवर बसला. तोच वास होता, पेट्रोलचा आणि तापलेल्या रेक्झिनचा. तेच दार, तीच चौकट. नकळत त्याचा हात कपाळाच्या खुणेवर गेला. पोरीनं वेग धरला, वळण घेतलं आणि गाडी मागून उडाली. उडाली ती नाचतच राहिली. श्यामसुंदरनं डोळे मिटले. डोक्यानं जे विसरायचा त्यानं प्रयत्न केला होता ते त्याच्या बुडाला अगदी नीट आठवत होतं.

दोन फेऱ्यांनंतर त्यानं गाडी थांबवायला सांगितली. पुढं हात लावू नको, म्हणाला. पुढचं ठीक आहे. मागचे शॉकर मेलेले आहेत, कमानीचे रबरी बुश झिजलेत, ते आधी बदल. पण एक गोष्ट त्याला उमजत नव्हती. जास्तीचा पाटा असलेली गाडी अशी उडत नाही. ती ताठ असते, दणके देते, पण अशी नाचत नाही. ही तर पाटा टाकायच्या आधीची गाडी होती. ज्या गाडीत तो बसायचा, ती.

"यातला जास्तीचा पाटा कुठं गेला?" त्यानं विचारलं.

"कौनसा पाटा?" मीरा म्हणाली. "लहानपणापासून मी गाडीखाली जाऊन राहिली काका, इतकेच होते."

त्यानं स्वतः वाकून पाहिलं. खरंच, इतकेच होते. कंपनीनं दिले तेवढे.

घरी परतल्यावर तो सरळ ओट्यावर गेला. एरवी तो विचारून गप्प बसणाऱ्यातला होता, किंबहुना न विचारताच गप्प बसणाऱ्यातला. आज मात्र त्यानं बसायच्या आधीच विचारलं. दादानं पेपरची घडी घातली, पुन्हा उलगडली, पुन्हा घातली.

"काढून टाकला," दादा म्हणाला. "दोन रविवार चालवली तशी. गाडी फस्टक्लास चालत होती. मलाच करमेना."

"मग टाकला काहून होता?"

"तुझं डोकं फुटलं होतं, शाम. रक्त थांबून नव्हतं राहिलं. आई काही बोलली नाही, पण मला आठ दिवस झोप नव्हती. दुसरं काही सुचलं नाही. म्हटलं, तू बसायचीच गरज नको." तो थांबला. "मग वाटलं, जखम भरली की येशील. तू आलाच नाही."

"सांगितलं काहून नाही?"

"तू विचारलं काहून नाही?"

मीरा दारात ग्रीसचे हात पुसत उभी होती, ती पुसतच राहिली.

"अन् इतक्या वर्षांत पुन्हा बसवला नाही?" श्यामसुंदरनं विचारलं. "वहिनीची कंबर गेली तरी?"

"ती जागा तुझी होती," दादा म्हणाला. "तिथं लोखंड कसं बसवू?"

श्यामसुंदर खुर्ची ओढून बसला. केवढी वर्षं त्यानं या माणसावर रुसून काढली होती, आणि हा माणूस तेवढी वर्षं त्याच्यासाठी गाडी तशीच ठेवून धक्के खात राहिला होता. बायकोची बोलणी खात राहिला होता. श्यामसुंदरला रडू आलं आणि त्यानं ते लपवलं नाही.

दादानं मीराला माळ्यावरचं एक बोचकं काढायला सांगितलं. ग्रीस फासून पोत्यात गुंडाळलेले ते दोन पाटे निघाले, काळेभोर, गंजाचा ठिपका नाही. मीराचा प्रश्न तिथल्या तिथं सुटला. पाटे घरचेच, म्हणजे तिच्या पैशात शॉकर आणि बुश दोन्ही बसणार होते. या शर्यतीत चालकाशिवाय कोणाला गाडीत बसू देत नाहीत, म्हणजे पाटे तर हवेतच. पण तिनं ते उचलले नाहीत. ती काकाकडे बघत राहिली.

"घाल," श्यामसुंदर म्हणाला. "उद्या गोहलपूरला घेऊन जा, कमानीवाल्या चाचांना म्हणावं, नीट आवळा. तुला मागं कोणाची गरज लागायला नको."

"उद्या ना? आज तर जागा मोकळीच आहे," दादा म्हणाला आणि खुर्चीचा हात धरून उठायला लागला. कुंदावहिनी आतून ओरडली, गुडघा आठवतो का? दादाला तो आठवत नव्हता. मीरानं त्याला धरून पुढच्या सीटवर बसवलं. श्यामसुंदर मागं जाऊन बसला.

मैदानात ऊन कलतं झालं होतं. मीरानं आधी बेतानं चालवली, मग नाही. दादानं डॅशबोर्ड धरला होता, त्याच्या मानेवरचे केस पांढरे झाले होते, मान मात्र तशीच ताठ होती. समोर डावं वळण आलं. गाडी मागून उडायला लागली.

"शाम, डावीकडे."

श्यामसुंदर सरकला. पूर्वीसारखं घरंगळावं लागलं नाही, वाळलेलं अंग सहज दाराशी गेलं. गाडीला त्याचा पत्ताही लागला नाही. ती तशीच उडाली, तशीच नाचली, तिनं दोघांनाही सीटवरून वीतभर वर फेकून खाली आपटलं.

दादानं मान वळवली नाही. "बसली," तो म्हणाला.