हिरव्या फडक्याखालची बाग

दुकान मोबाइल दुरुस्तीचं होतं, पण त्या संध्याकाळी तिथे एकही फोन दुरुस्त होत नव्हता. फोन बरे होत होते. काउंटरपुढे माणसांची ही दाटी, आणि जो तो आपला फोन आजारी लेकरासारखा छातीशी धरून उभा. काउंटरमागे माळीबाबा बसलेले. वर्षभरापूर्वीपर्यंत हे गृहस्थ फुटलेल्या काचा बदलायचे. आता ते वाळलेल्या बागा हिरव्या करत.

बागा मोबाइलमधल्या बरं का. एका गेमने सगळ्या गल्लीला वेड लावलं होतं. त्यात आपली बाग लावायची, पाणी घालायचं, फळं तोडून टोपलीत भरायची. पण अधूनमधून कुणाची तरी बाग अचानक पिवळी पडे, गेम जागच्या जागी थिजे आणि काही केल्या हलत नसे. महिनाभर तशीच राहिली, की कंपनी ती बाग कायमची पुसून टाकी.

"या काकू, पुढे या," माळीबाबा म्हणाले.

शिंपीकाकू पुढे झाल्या, त्या महिन्यात तिसऱ्यांदा. शिवणयंत्रावरून तशाच उठून आल्या होत्या, गळ्यात मोजपट्टी होती. त्यांची बाग दूर राहणाऱ्या लेकीबरोबर लावलेली. मायलेकी रोज तिथेच भेटत.

बाबांनी फोनच्या पाठीला हात लावून निदान केलं. "तापलाय. आत बाग तहानलीय. कंपनीकडे यंत्र आहे काकू, पण पाझर माझ्या हातात आहे. डोळे मिटा. सगळ्यांनी मिटा. एकाच्या जरी मनात शंका असली, तरी पाझर आटतो."

फोन हिरव्या फडक्याखाली गेला आणि बाबा गुणगुणू लागले. ते गुणगुणणं असं, की त्यापेक्षा खडखडणारा पंखा परवडला. बऱ्याच वेळाने फडकं उडालं, आणि बाग हिरवीगार! काकूंच्या डोळ्यांना धार लागली. माणसांनी हात जोडले. पाया पडायचंच तेवढं बाकी राहिलं.

बाबांशेजारी स्टुलावर त्यांची धाकटी बहीण बसे. सगळ्यांत घट्ट डोळे तीच मिटायची. आई गेल्यावर दादानेच तिला सांभाळलं होतं, त्याचा शब्द तिने कधी खाली पडू दिला नव्हता. स्वतःची बाग गेली, तेव्हासुद्धा.

ती बाग तिने आईबरोबर लावली होती, आई अंथरुणाला खिळलेली असताना. आईची सुजलेली बोटं स्क्रीनवर भलतीकडेच टेकत, म्हणून लिंबांची रांग वाकडीतिकडी झाली होती. "राहू दे तशीच," आई म्हणाली होती, "माझी आहे हे ओळखू येईल." आईच्या मागे ती बाग पिवळी पडली. दादाने सगळ्यांदेखत फडकं टाकलं, गुणगुणून घामाघूम झाला, पण पान हललं नाही. "तुझ्या मनात शंका आहे," तो म्हणाला. लोकांनीही माना डोलावल्या: सख्ख्या बहिणीलासुद्धा सूट नाही, म्हणजे बाबा खरे! महिन्याने बाग पुसली गेली आणि धाकटी तेव्हापासून आपल्याच मनाला बोल लावत राहिली.

बागा वाळतच होत्या. "दादा, कंपनीला कळव ना," ती सारखी म्हणे.

"रोज कळवतो गं. आपल्याला कोण विचारतं!"

शेवटी तिनेच दुकानाच्या खात्यावरून गेममधलं 'अडचण कळवा' हे बटण दाबलं आणि लिहिलं, 'बागा मरतायत. तुम्ही लोक झोपा काढता का?'

उत्तर आलं. गेम बनवणाऱ्या कंपनीत गेममधल्या चुका शोधायचं काम करणारी एक बाई होती. तिने लिहिलं होतं, 'झोपा काढत नाही. पण "बाग मेली" एवढ्यावरून आम्हाला काहीच सापडत नाही. त्याआधी तुम्ही काय काय केलं ते क्रमाने लिहा. काय व्हायला हवं होतं आणि काय झालं? फोन कोणता? तसंच पुन्हा केलं, तर पुन्हा तसंच होतं का? जमल्यास स्क्रीनचं रेकॉर्डिंग पाठवा.' खाली आणखी एक ओळ होती: 'या खात्यावरून याआधी एकच निरोप आला आहे. "माळीबाबा" हे टोपणनाव दुसऱ्या कुणाला देऊ नये, अशी त्यात विनंती होती.'

बाकीचे निरोप वाटेत हरवले असतील, अशी तिने मनाची समजूत घातली. विश्वास असा चिवट असतो. म्हणून त्या संध्याकाळी, काकू काउंटरपाशी येण्याआधीच, त्यांना विचारून तिने त्यांच्या फोनवर रेकॉर्डिंग लावलं, ते दादाला पकडायला नव्हे. दादाची करामत कंपनीलाही दिसावी, एवढंच तिला वाटत होतं. कोपऱ्यातला लाल ठिपका बाबांना दिसला नाही. गर्दीतले कुणाचे डोळे उघडे नाहीत ना, इकडेच त्यांचं अर्धं लक्ष होतं.

सकाळी काकूंकडून रेकॉर्डिंग आलं. दुकान उघडण्याआधी, शटर अर्धं वर असताना तिने ते पाहिलं. फडक्याखाली दादाच्या बोटाने इंटरनेट बंद केलं. गेम फोनमधल्या जुन्या नोंदीवरून उघडला. टोपली काठोकाठ भरलेली होती. बोटाने तिच्यातलं एक फळ बाहेर टाकलं आणि इंटरनेट पुन्हा सुरू केलं. बाग हिरवी! एवढ्यात सगळं आटोपलं होतं. उरलेला वेळ बाबा गुणगुणत काकूंच्याच फोनवर मॅचचा स्कोअर बघत होते.

तिने आपल्या फोनवर नवी बाग लावली, टोपली भरली, गेम बंद करून उघडला. पिवळी. नेट बंद, एक फळ बाहेर, नेट चालू. हिरवी. पुन्हा केलं, पुन्हा तेच. मग तिचे हात थांबले. आईच्या बागेच्या वेळीही दादाला हे ठाऊक होतं. एक फळ टाकायचं होतं, फक्त एक. तिला रडूही येईना.

संध्याकाळी गर्दी जमली, तशी ती स्टुलावरून उठली. "आज डोळे उघडे ठेवा. बाबा वाळलेली बाग हिरवी करतात. मी हिरवी बाग आधी वाळवून दाखवते, मग हिरवी करते."

आणि एकेक पायरी मोठ्याने सांगत तिने ते करून दाखवलं. मग काकूंच्या हातून करवून घेतलं.

"अगं बाई, मला पण पाझर फुटला की!" काकू म्हणाल्या. दुकानभर हशा पिकला. पण हसता हसता काकू दादाकडे वळल्या. "तुला माहीत होतं? आणि मला इतक्यांदा रडवलंस?"

दादा फडक्याची घडी घालत राहिला.

"आईची बाग का मारलीस?" धाकटीने विचारलं.

"लोक म्हणत होते, हातचलाखी आहे," तो खालच्या आवाजात म्हणाला. "एखादी बाग जायला हवी होती. तुझी गेली, तेव्हा कुठे मानलं सगळ्यांनी. आणि गेमच होता ना गं तो!"

"आई होती त्यात," ती म्हणाली.

त्या दिवशी तिने कंपनीला नीट लिहिलं: काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं, कोणत्या फोनवर. सोबत आपल्या फोनवरचं रेकॉर्डिंग जोडलं आणि शेवटी आईच्या बागेबद्दल विचारलं. उत्तर लगेच आलं. 'तुम्ही लिहिलंत तसं केलं आणि आमच्याकडेही पहिल्याच खेपेला बाग वाळली. चूक सापडली. पुढच्या आवृत्तीत हे होणार नाही. आईंची बाग मात्र आता आणता येणार नाही, माफ करा. पुसली जाण्याआधी कुणी एवढंच लिहून पाठवलं असतं, तर ती वाचली असती.'

आता त्या दुकानात पुन्हा काचा बदलतात, आणि हिरव्या फडक्याने पुसतात.

तुमच्यापुढेही कुणी फडकं पसरेल आणि डोळे मिटा म्हणेल. त्याला विचारा, उघडे ठेवले तर काय बिघडेल? काय केलं आणि काय झालं ते क्रमाने मांडा, स्वतः पुन्हा करून बघा, आणि ज्याला दुरुस्त करता येतं त्याला कळवा. शंकेने कुणाची बाग वाळत नाही. धाकटीची गेली, ती तिने शंका घेतली नाही म्हणून.